‘मी फक्त दोनच घेतो’ म्हणणारे बाबा

पत्र

माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी सात वाजता व्हिस्की घेऊन बसतात. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, नंतर जेवतात आणि झोपतात. किती घेता असं विचारलं की ‘फक्त दोन पेग’ हे ठरलेलं उत्तर. पण ७५० मिलीची बाटली पाचव्या दिवशी रिकामी होते, हे मी गेले काही महिने बघते आहे. मागच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. दोन महिन्यांनी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. मी विषय काढला की ते इतिहास काढतात. ‘माणूस हजारो वर्षं पितोय, मेला का? थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते. आणि बंदी आणून कुठल्या देशाचं भलं झालं ते सांग.’ मला यावर बोलता येत नाही. आई म्हणते, ‘काही त्रास देत नाहीत ना, मग राहू दे.’ भावाचा बेत वेगळाच आहे. एक दिवस सगळ्या बाटल्या मोरीत ओतायच्या आणि बाबांच्या नकळत जेवणात मिसळायची एक पूड त्याने इंटरनेटवरून मागवली आहे. काय करू? (सकाळी पेपर धरताना बाबांचा हात थरथरतो, संध्याकाळी पहिला पेग झाला की थांबतो. वयामुळे असेल, पण सांगून ठेवते.)

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. बाबांच्या इतिहासाकडे नंतर येऊ. तो अर्धा खरा आहे, आणि उरलेला अर्धा तुमच्या फार कामाचा आहे.

हात थरथरण्याची कारणं बरीच असतात. थायरॉइड असू शकतं. काही घराण्यांत चालत येणारा थरथरीचा एक आजार असतो आणि गंमत म्हणजे त्यातही थोड्या दारूने थरथर तात्पुरती थांबते. त्यामुळे निदान तुम्ही-आम्ही करायचं नाही. पण रोज पिणाऱ्या माणसाचा हात सकाळी कापत असेल आणि पेग पोटात गेल्यावर स्थिर होत असेल, तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती शरीराला दारू लागल्याची. ‘लागली’ म्हणजे माणूस बेवडा झाला, बिघडला असं नव्हे. मेंदूने रोजच्या दारूशी जुळवून घेतलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि चेतवणाऱ्या यंत्रणेला दाबते. वर्षानुवर्षं रोज हेच झालं की मेंदू भरपाई म्हणून स्वतःची चेतना वाढवून ठेवतो. मग एके दिवशी दारू अचानक बंद झाली, तर ब्रेक निघून जातो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच राहतो.

म्हणून भावाला आजच सांगा, बाटल्या ओतायच्या नाहीत. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत घाम, धडधड, मळमळ, कापरं सुरू होऊ शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो, रक्तदाब वर जातो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही. बाबांना कदाचित चिडचिड आणि दोन रात्री झोप नाही, इतकंच होईल. पण ते आधी कळायचा मार्ग नाही, आणि मोरीजवळ उभं राहून तो जुगार खेळायचा नसतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाच काळ काही दिवसांच्या गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन बहुतेकांचा नीट पार पडतो.

आता पूड. त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला, भावाला, बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. अशा चोरून द्यायच्या औषधांत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे खरं औषध आहे, आणि त्याचा शोध मजेशीर आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत रबर उद्योगातल्या रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाल्याचं एका डॉक्टरने नोंदवलं. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याच जातीचं रसायन औषध म्हणून पुढे आणलं. ते दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यावर अडवतं. ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला ते दिलं जातं त्याला हे आधी समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं असतं. ६४ वर्षांच्या, फॅटी लिव्हर असलेल्या माणसाच्या पोळी-भाजीत ते गुपचूप मिसळणं हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे. पुडी टाकून द्या.

ऑपरेशनचं काय? ते दोन महिन्यांनी आहे ही माझ्या मते तुमच्या हाती लागलेली सगळ्यात चांगली संधी. हे दृश्य सर्जरीच्या वॉर्डात नेहमीचं आहे: ‘अधूनमधून घेतो’ असं फॉर्मवर लिहिलेला पेशंट दाखल होतो, ऑपरेशन छान होतं आणि तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून पळायला बघतो. घरचे म्हणतात भुलीचा परिणाम, आणि असतो तो दारू थांबल्याचा. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्यांत जखम चिघळणं, रक्तस्राव, न्यूमोनिया हे सगळं जास्त होतं, आणि शस्त्रक्रियेआधी महिनाभर दारू बंद ठेवली तर या गुंतागुंती कमी होतात, हे डेन्मार्कमधल्या एका चाचणीत दिसलं आहे. म्हणजे तुम्हाला ‘दारू कायमची सोडा’ असं म्हणायची आत्ता गरज नाही. ‘ऑपरेशनसाठी महिनाभर, डॉक्टरांच्या मदतीने’ असं म्हणता येतं. माणसाला आयुष्यभराचा शब्द द्यायला जड जातं, महिन्याचा देता येतो.

डॉक्टरांकडे जाताना आईला बरोबर न्या. ‘किती घेता’ या प्रश्नावर बाबा ‘दोन’ म्हणतील. तेव्हा आकडा तुम्ही सांगू नका, आईला सांगू द्या. मुलीने सांगितलं तर ते चहाडी केल्यासारखं वाटेल. बायकोने सांगितलं तर बाबा नुसतेच खाली बघतील.

आणि तो आकडा काय आहे ते आधी आपण काढू. ७५० मिली पाच दिवसांत, म्हणजे दिवसाला १५० मिली. ४० टक्क्यांची व्हिस्की धरली तर त्यात ६० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ४७ ग्रॅम. आठवड्याला ३३० ग्रॅमच्या आसपास. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमचं एक युनिट मानतात. तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिटं सांगितली. बाबा ४१ वर आहेत. कॅनडात २०२३ साली तज्ज्ञांनी त्याहून कडक सल्ला दिला. धोका कमी ठेवायचा तर आठवड्याला दोन पेयं, आणि तिथलं एक पेय साधारण साडेतेरा ग्रॅमचं. त्या मापाने बाबांची चोवीसच्या वर जातात.

बाबा खोटं बोलत नाहीत, हे इथे लक्षात घ्या. ते दोनच पेग घेतात. फक्त प्रत्येक पेग ७५ मिलीचा असतो. घरी मोठ्या, जाड बुडाच्या ग्लासात बर्फावर ओतताना माप कोण बघतं? त्यांना एकदा नेहमीसारखा पेग ओतू द्या आणि मग तोच औषधाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या मोजपात्रात ओतून बघायला सांगा. बर्फ घालण्याआधी. टोमणा नको, ‘मला खरंच बघायचंय’ या सुरात. या एका प्रयोगाने जे होतं ते दहा भांडणांनी होत नाही. बघणाऱ्यापेक्षा ओतणाऱ्यालाच जास्त आश्चर्य वाटतं.

आता त्यांचे तीन मुद्दे.

‘थोडी हृदयाला चांगली’ हे बाबांनी मनाने रचलेलं नाही. १९२६ साली रेमंड पर्ल या अमेरिकी शास्त्रज्ञाने बेताने पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं मांडलं, आणि पुढची कित्येक दशकं वेगवेगळ्या पाहण्यांत तेच चित्र निघत राहिलं. १९९१ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच लोक चरबीदार खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, याचं श्रेय रेड वाइनला दिलं गेलं. लगेच तिथली रेड वाइनची विक्री उसळली. पण १९८८ सालीच जेरल्ड शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासातून एक साधा प्रश्न विचारून ठेवला होता. ‘न पिणारे’ हे नेमके कोण? त्यांत मोठा भरणा आजारी पडल्यामुळे दारू सोडलेल्यांचा होता. आजाऱ्यांना एका पारड्यात टाकलं की दुसरं पारडं निरोगी दिसणारच. शिवाय बेताने पिणारे लोक बऱ्याचदा जास्त कमावतात, जास्त शिकलेले असतात, चालायला जातात. श्रेय मात्र ग्लासाला मिळतं.

यातून बाहेर पडायचा एक चतुर मार्ग नंतर सापडला. पूर्व आशियातल्या अनेकांच्या जनुकांत असा बदल असतो की दारू घेतली की चेहरा तापतो, अस्वस्थ वाटतं, त्यामुळे ते जन्मतःच कमी पितात. जनुक काही पगार, शिक्षण किंवा चालण्याची सवय बघून मिळत नाही. चीनमधल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत याचा वापर करून २०१९ साली निष्कर्ष काढला गेला. बेताची दारू पक्षाघातापासून वाचवते हे कुठेच दिसलं नाही. जितकी जास्त दारू, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त. हृदयाच्या झटक्याबाबत फायदा-तोटा काहीच स्पष्ट निघाला नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेताच्या पिण्याची मोठी चाचणी घ्यायला घेतली होती, पण तिच्यासाठी मद्यकंपन्यांकडून पैसा गोळा केला गेल्याचं उघड झालं आणि २०१८ साली ती गुंडाळावी लागली. यावर मी काही बोलत नाही, बाबांनाच काय वाटतं ते विचारा.

आणि समजा, हृदयाचा मुद्दा आपण त्यांना देऊन टाकला, तरी बाकीचं शरीर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत टाकलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, आणि नंतरच्या आढाव्यांत मोठं आतडं व स्त्रियांत स्तन. व्हिस्की महागडी असली, वाइन जुनी असली तरी फरक पडत नाही, कारण दोष त्या अल्कोहोलचा आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा आहे. त्या मानाने फॅटी लिव्हर ही चांगली बातमी म्हणावी लागेल. हसू नका. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी दारू थांबवली की काही आठवड्यांत उतरायला लागते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक पडून निकामी होत जातं त्या आजारात, झालेले व्रण असे मागे फिरत नाहीत. बाबा आज ज्या पायरीवर आहेत तिथून परत येता येतं.

‘माणूस हजारो वर्षं पितोय’ हे खरंच आहे. चीनमधल्या ज्याहू इथल्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवलेल्या पेयाचे अवशेष सापडले, ते सुमारे ९००० वर्षांपूर्वीचे. पण ती पेयं नुसती आंबवलेली होती. ऊर्ध्वपातनाने काढलेली कडक दारू सामान्य माणसाच्या हाती स्वस्तात आणि वर्षभर आली ती अलीकडच्या तीन-चार शतकांत. आणि ती आली तेव्हा काय झालं, हा इतिहासही त्या हजारो वर्षांतच येतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जिन इतकी स्वस्त झाली की गरीब वस्त्यांत गल्लोगल्ली, अगदी राहत्या घरांतूनही विकली जाऊ लागली. गरोदर बायका, दूधपित्या मुलांच्या आया, कुणीच सुटलं नाही. तोवर बियरवर जगलेल्या शहराला हे झेपेना.

इथून तिसरा मुद्दा सुरू होतो, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. बंदीने भलं होत नाही, असं बाबा म्हणतात. लंडनच्या जिनचंच बघा. १७३६ साली संसदेने परवान्याची फी ५० पौंड केली, म्हणजे तेव्हाच्या मानाने अशक्यच. परवाने घेतले बोटांवर मोजण्याइतक्यांनी. विक्री चोरून चालूच राहिली, खबऱ्यांना लोकांनी रस्त्यात बडवलं, आणि १७४३ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. मग १७५१ साली वेगळी वाट धरली. कर वाढवला, भट्टीवाल्यांनी परवाना नसलेल्यांना माल द्यायचा नाही असा नियम केला. पुढच्या काही वर्षांत पिकं बुडाली, धान्यापासून दारू गाळायलाच मनाई झाली, आणि जिनचा तो पूर ओसरला.

अमेरिकेतली दारूबंदी बाबांना नक्कीच पाठ असेल. जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३. बनवायला, विकायला, न्यायला बंदी होती. स्वतः पिणं मात्र गुन्हा नव्हता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चोरटा माल वाहायचा तर बियरचे पिंप वाहून परवडत नाही, म्हणून कडक दारूच जास्त आली. औद्योगिक अल्कोहोल पिऊ नये म्हणून सरकारने त्यात मिथेनॉल घालायला लावलं आणि ते पिऊन लोक मेले. गुन्हेगारी टोळ्या गब्बर झाल्या. इथपर्यंत बाबा बरोबर. पण त्याच काळात, विशेषतः सुरुवातीला, देशातलं एकूण पिणं बरंच घटलं आणि सिरोसिसने मरणारे कमी झाले, हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

सोव्हिएत रशियात मे १९८५ मध्ये तिथले सर्वोच्च नेते गोर्बाचोव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली. दुकानं कमी केली, दर वाढवले, द्राक्षमळे उपटले. लोकांनी घरोघरी गाळायला सुरुवात केली आणि बाजारातून साखर गायब झाली. सरकारची तिजोरी रिकामी व्हायला लागली आणि तीन-एक वर्षांत मोहीम बारगळली. थट्टेचाच विषय तो. पण रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८४ मध्ये सुमारे ६२ होतं, ते १९८७ पर्यंत ६५ च्या जवळ पोचलं. मोहीम संपली, देश फुटला, वोडका स्वस्त झाली आणि १९९४ पर्यंत ते ५८ च्याही खाली गेलं. त्या घसरणीला दारूखेरीज इतर कारणंही होती, पण दारूचा वाटा मोठा होता.

आता ज्यांना कुणी बंदी म्हणणार नाही अशी उदाहरणं बघा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, डेन्मार्कने कडक दारूवरचा कर इतका चढवला की तिची किंमत दहापटीहून जास्त झाली. दोन वर्षांत देशातलं एकूण पिणं तीन चतुर्थांशांनी घटलं आणि डेलिरियम ट्रेमेन्सचे रुग्ण एक-तेरांशावर आले. देश बियरकडे वळला तो वळलाच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये वाइन रेशनवर मिळू लागली. सिरोसिसने होणारे मृत्यू १९४१ मध्ये लाखामागे ३५ च्या आसपास होते, ते १९४५ पर्यंत सहाच्या आसपास आले. यातल्या एकाही माणसाला कुणी व्यसनमुक्तीचं व्याख्यान दिलं नव्हतं. डॉक्टरांचा तोवर समज होता की सिरोसिस हा वर्षानुवर्षांचा हिशेब, तो असा झटकन कमी होणार नाही. तो झाला. स्कॉटलंडने मे २०१८ मध्ये दारूच्या एका युनिटला किमान ५० पेन्स असा दर ठरवला. पहिल्या पावणेतीन वर्षांत निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरले. याची दुसरी बाजूही आहे. पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी काहींनी दारू कमी केली नाही, जेवणावरचा खर्च कमी केला. दर वाढवून सगळ्यांचं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही.

पण सगळीकडे एक गोष्ट सारखीच दिसते. माणूस किती पितो हे त्याच्या तत्त्वांवर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त बाटली किती जवळ, किती स्वस्त आणि किती मोठी आहे यावर असतं. देशाला हे लागू आहे तसं घरालाही. तुम्ही आणि भाऊ बंदीच्या गोष्टी करता आहात, आणि बंदीचं काय होतं ते बाबांनी तुम्हाला आधीच सांगून टाकलं आहे. घरात बंदी आली तर घरातच चोरटा माल येईल. गाडीत, कपाटात, शेजारच्या मित्राकडे. मग जे दिसतं आहे तेही दिसायचं बंद होईल. त्यापेक्षा डेन्मार्कवाल्यांचं शिका.

म्हणजे प्रत्यक्षात असं. डॉक्टर सांगतील ते आधी. हात थरथरण्याचं कारण दारू निघालं तर कमी कसं करायचं, की थोडे दिवस दाखल व्हायचं, हे तेच ठरवतील. आपल्या मनाने एकदम अर्ध्यावर आणू नका. त्यानंतर जे काही प्रमाण ठरेल, त्याच्यासाठी घरात मोठी बाटली आणायचीच नाही. लहान आणायची, संपली की मुद्दाम उठून जावं लागेल अशी. बाटली टेबलावर नको, ओतून झालं की परत कपाटात. जाड बुडाचा ग्लास बाजूला आणि माप कायम तिथेच. रिकाम्या पोटी पहिला पेग जास्त वेगाने चढतो आणि लवकर दुसरा मागतो, म्हणून जेवण सातला आणि बैठक नंतर. हे सगळं क्षुल्लक वाटेल. पण लहान अडथळ्यांवर भांडण होत नाही, आणि सात वाजता घड्याळाकडे बघून आपोआप उठणारा हात एवढ्यानेही जरा थांबतो.

त्या सात वाजण्याचाही विचार करा. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज पितात, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या वेळी ते कामावरून घरी येत असत. आता त्या वेळी काहीच घडत नाही, म्हणून बाटली घडते. तिथे दुसरं काहीतरी, तेही रोज त्याच वेळी, नेमाने असावं लागेल. काय, ते तुम्हालाच जास्त माहीत. फक्त ते काम तुम्ही शोधून त्यांच्या माथी मारलेलं नको.

गोळ्यांबद्दल लोकांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून थोडं. नालट्रेक्सोन हे औषध पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं. दारूसाठी ते १९९४ पासून अमेरिकेत मान्य आहे. अकॅम्प्रोसेट हे थांबवल्यानंतरची अस्वस्थता शमवायला मदत करतं. कुठलं चालेल हे यकृत आणि मूत्रपिंड बघून ठरतं. यांपैकी कुठलंही औषध चोरून द्यायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की बाबा भडकतील, तेव्हा सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून किंवा थेट हर्नियाच्या सर्जनपासून करा. ऑपरेशनच्या निमित्ताने विचारलेला प्रश्न बाबांना अपमान वाटणार नाही.

आईशी मात्र वेगळं बोला. ‘त्रास देत नाहीत ना’ हे तिचं वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. दारूचं दुखणं म्हणजे मारहाण आणि तमाशा, हेच आपण सगळ्यांनी बघितलं, ऐकलं. त्यामुळे शांतपणे, सभ्यपणे, रोज ४७ ग्रॅम पिणाऱ्या माणसाचं दुखणं कुणाला दुखणं वाटतच नाही. यकृताला मात्र आवाज चढला की नाही याने काही फरक पडत नाही. तिला हे आकडे दाखवा. बाबांना सुधारायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, फक्त तिने ‘राहू दे’ म्हणणं थांबवलं तरी पुष्कळ. तिला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर पिणाऱ्यांच्या नातेवाइकांचे मदतगट असतात. पिणारा आला नाही तरी त्यांना तिथे जाता येतं.

बोलायची वेळ निवडताना संध्याकाळी सातनंतरची निवडू नका, सकाळची निवडा. इतिहासावर वाद घालू नका. तो तुम्ही जिंकलात तरी बाबा हरल्याच्या रागात एक पेग जास्तच घेतील. ऑपरेशन, सोनोग्राफी, मोजलेला पेग, इतकंच बोला.

आणि एक शक्यता. या सगळ्या बोलण्यात बाबा चिडून ‘आजपासून बंद, आता समाधान?’ म्हणून स्वतःच बाटली फेकून देतील. करारी स्वभावाची माणसं असं करतात, आणि घरच्यांना आनंद होतो. त्या आनंदात डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायला विसरू नका, आणि पहिले चार-पाच दिवस त्यांना एकटं ठेवू नका. घाम, कापरं, उलट्या वाढत गेल्या, फिट आली, किंवा ते असंबद्ध बोलायला, नसलेलं बघायला लागले, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरांना शेवटचा पेग किती वाजता घेतला होता आणि रोज किती घेत होते, हे दोन्ही विचारायच्या आत सांगा.